कंबरदुखीतला भीतीचा वाटा

'मणक्यात गॅप आहे', 'गादी सरकली आहे', 'नस दबतेय'. कंबर धरली म्हणून दवाखान्यात गेलेला माणूस यांपैकी एखादे वाक्य घेऊन घरी येतो आणि पुढची कित्येक वर्षे ते सांभाळून ठेवतो. उसण भरते, आठ-पंधरा दिवसांत ओसरते, माणूस कामाला लागतो. मग काही महिन्यांनी, कधी बादली उचलताना तर कधी काहीच निमित्त नसताना, ती पुन्हा भरते. ऑस्ट्रेलियात 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुकत्याच बऱ्या झालेल्या अडीचशे रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवले, तेव्हा 69 टक्के लोकांचे दुखणे वर्षाच्या आत परत आलेले दिसले. 2020 साली जगात सुमारे 61.9 कोटी लोकांना कंबरदुखीचा त्रास होता, आणि माणसाला कामातून उठवणाऱ्या दुखण्यांत ती जगभर अग्रस्थानी आहे. तरीही दहापैकी जवळजवळ नऊ जणांच्या बाबतीत ज्यावर नेमके बोट ठेवता येईल असे एक शारीरिक कारण सापडत नाही. अशा दुखण्यावर शरीर आणि मन दोन्ही धरून उपचार करण्याचे प्रयत्न गेली चाळीसएक वर्षे चालू आहेत. त्यांचा पुरावा एकत्र ठेवून पाहिला तर माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट होते: या उपचारांना जे यश आले, ते कंबरेविषयीची भीती कमी करून माणसाला पुन्हा हालचालीकडे वळवल्यामुळे आले. मनाच्या तळाशी दडलेले काही उकरून काढण्याचा दावा जिथे केला गेला, तिथे पुरावा फार लवकर विरळ होतो.

भीतीची सुरुवात पुष्कळदा एमआरआयच्या रिपोर्टपासून होते. 1994 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 98 लोकांच्या तपासणीचा अहवाल आला. यांच्यापैकी कोणाचीही कंबर दुखत नव्हती. तरी 52 टक्क्यांची मणक्यांमधली निदान एक चकती, म्हणजे गादी, फुगलेली होती आणि 27 टक्क्यांची बाहेर आलेली होती. फिल्म वाचणाऱ्या तज्ज्ञांना कोण दुखणाईत आणि कोण धडधाकट हे कळू नये म्हणून खऱ्या रुग्णांच्या फिल्मही त्यांत मिसळल्या होत्या. 2015 साली अशाच 33 अभ्यासांची बेरीज झाली. काहीही न दुखणाऱ्या 3,110 लोकांच्या तपासण्या त्यात होत्या. विशीतल्या 37 टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या, ऐंशीतल्या 96 टक्क्यांच्या. फुगलेली चकती विशीत 30 टक्क्यांना, ऐंशीत 84 टक्क्यांना. म्हणजे ज्याला आपण आजार म्हणून फाईलमध्ये जपतो, त्यातले बरेचसे निव्वळ वय आहे. रिपोर्ट वाचण्यातही एकवाक्यता नाही. अमेरिकेत सायटिका असलेल्या एका 63 वर्षांच्या बाईंचा एमआरआय तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांत काढला गेला. दहा रिपोर्टांत मिळून 49 दोष नोंदले गेले, आणि दहाही ठिकाणी नोंदलेला दोष एकही नव्हता. एमआरआय निरुपयोगी आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. पन्नाशीच्या आतल्या दुखणाईतांत काही बदल धडधाकट लोकांपेक्षा जास्त आढळतात, आणि शस्त्रक्रिया ठरवताना या तपासणीवाचून चालत नाही. पण 'गॅप' दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, हा निष्कर्ष या आकड्यांपुढे टिकत नाही.

मग दुखते कशाने? जितकी इजा तितके दुखणे, ही आपली रोजची समजूत आहे आणि बोट कापते तेव्हा ती बहुधा खरीही ठरते. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने 1995 साली एका बांधकाम कामगाराची हकीकत छापली होती. उडी मारताना त्याच्या बुटातून 15 सेंटिमीटरचा खिळा आरपार गेला. जरा हलवले तरी तो विव्हळत होता, म्हणून त्याला जोरकस वेदनाशामके द्यावी लागली. बूट काढल्यावर दिसले की खिळा दोन बोटांच्या मधून गेला होता. पायाला ओरखडाही नव्हता. त्याचे विव्हळणे नाटक नव्हते. मेंदूने डोळ्यांनी पाहिलेला धोका तोलला आणि त्या हिशेबाने वेदना निर्माण केली. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 साली मांडलेल्या सिद्धान्ताने हा मार्ग मोकळा केला होता: शरीरातून येणारे संदेश मज्जारज्जूपाशीच कमी-जास्त केले जातात, आणि त्यात मेंदूकडून खाली येणाऱ्या आदेशांचाही हात असतो. पुढे शिकागोत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी नव्याने कंबर दुखू लागलेल्या लोकांच्या मेंदूची प्रतिमाचित्रे वर्षभर घेतली. ज्यांचे दुखणे गेले नाही, त्यांच्यात त्या दुखण्याशी जोडलेली मेंदूची क्रियाशीलता हळूहळू संवेदनेच्या भागांतून भावनेच्या भागांकडे सरकलेली आढळली. बोइंग कंपनीतल्या तीन हजारांवर कामगारांच्या 1991 सालच्या अभ्यासात, काम क्वचितच आवडते असे सांगणाऱ्यांनी पाठीच्या दुखापतीची तक्रार करण्याचे प्रमाण काम आवडणाऱ्यांच्या अडीच पट होते. भीतीची भूमिका नेमकेपणाने मांडली ती योहान व्लायन आणि स्टीव्हन लिंटन यांनी, 2000 साली. दुखेल म्हणून माणूस वाकणे टाळतो, टाळल्याने स्नायू आखडतात आणि आत्मविश्वास जातो, त्यामुळे पुढच्या वेळी थोडक्यानेही दुखते, आणि जपायला हवे होते ही खात्री आणखी पक्की होते. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे, तशी मज्जासंस्था एकदा पोळली की साध्या वाकण्यालाही फुंकर घालू लागते. परत परत भरणाऱ्या उसणीचा उलगडा सरकणाऱ्या गादीपेक्षा या चक्राने अधिक चांगला होतो, कारण चकतीची झीज वर्षभर तितकीच असते. दुखणे मात्र येते आणि जाते.

मन-शरीर उपचारांचे नाव काढले की अमेरिकेत आधी आठवतात ते न्यूयॉर्क विद्यापीठाच्या रस्क पुनर्वसन संस्थेतले डॉ. जॉन सार्नो. 1984 आणि 1991 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकांनी असंख्य लोकांना कंबरदुखीतून सोडवल्याचे त्यांचे वाचक आजही सांगतात. सार्नो यांचे म्हणणे असे, की दाबून ठेवलेला संताप जाणिवेत येऊ नये म्हणून मेंदू पाठीच्या स्नायूंचा रक्तपुरवठा किंचित कमी करतो आणि लक्ष दुखण्याकडे वळवतो. हे एकदा ओळखले की दुखणे जाते. या सिद्धान्ताला प्रयोगांचा आधार मिळालेला नाही. रक्तपुरवठ्याची गोष्ट सिद्ध झाली नाही आणि दडपलेला संताप मोजायचा कसा हेही कोणी सांगितले नाही. त्यांच्या यशाचे आकडे आपल्याच रुग्णांना नंतर विचारून काढलेले होते, आणि त्यांच्याकडे येणारे रुग्ण आधीच त्यांच्या मतावर विश्वास ठेवून आलेले असत. तरीही सार्नो यांना सरसकट मोडीत काढणे अन्यायाचे होईल. रुग्णाला ते आणखी एक गोष्ट ठासून सांगत: तुझ्या फिल्ममध्ये दिसते ते या वयात सगळ्यांना असते, तुझी पाठ मोडलेली नाही, वाक, उचल, पळ. हा भाग पुढच्या संशोधनात तरला. संतापाचा भाग सोडला तरी लोक बरे का होत असत, याचे उत्तर मला वाटते इथेच आहे.

हे तपासण्याची संधी 2021 साली आली. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात, बोल्डर येथे, दीर्घकाळ कंबर दुखणाऱ्या 151 लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले गेले. एका गटाला चार आठवड्यांत मानसोपचारतज्ज्ञाबरोबर आठ बैठका मिळाल्या. दुखणे इजेचे नसून मज्जासंस्थेच्या सवयीचे आहे हे पुराव्यानिशी समजावणे आणि नकोशा वाटणाऱ्या हालचाली निर्धास्तपणे करून पाहणे, हा त्या बैठकांचा गाभा होता. दुसऱ्या गटाला पाठीत मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन दिले, तेही हे औषध नाही असे सांगून. तिसऱ्याने नेहमीचे उपचार चालू ठेवले. शेवटी पहिल्या गटातले 66 टक्के लोक दुखण्यातून मुक्त किंवा जवळजवळ मुक्त झाले होते; दुसऱ्यातले 20 टक्के, तिसऱ्यातले 10 टक्के. वर्षभराने फायदा बराचसा टिकून होता. माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने याहून मोलाची गोष्ट अशी, की 'दुखते म्हणजे आत काहीतरी बिघडते आहे' ही समजूत ज्यांची जितकी सैल झाली, तितका त्यांचा फायदा जास्त होता. सिअ‍ॅटलमधल्या 342 लोकांवरचा 2016 सालचा प्रयोग वेगळ्या वाटेने इथेच पोहोचतो. तिथे एका गटाला सजगता-ध्यान आणि सौम्य योग शिकवला, दुसऱ्याला विचारांची सवय बदलणारा मानसोपचार दिला. सहा महिन्यांनी रोजच्या हालचालींत लक्षणीय सुधारणा अनुक्रमे 60.5 आणि 57.7 टक्के लोकांत दिसली. नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांत 44.1 टक्के. दोन पद्धती दिसायला इतक्या निराळ्या आणि फळ जवळजवळ सारखे. नंतरच्या विश्लेषणात दोन्हींनी सारखेच बदल घडवलेले आढळले: दुखण्याविषयी वाईटात वाईट कल्पना करणे कमी झाले, आणि आपण हे हाताळू शकतो हा भरवसा वाढला.

या सगळ्यांत मला सर्वांत भक्कम वाटतो तो ऑस्ट्रेलियातला प्रयोग, 2023 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला. पर्थच्या कर्टिन विद्यापीठातले पीटर ओ'सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या पद्धतीची त्यात परीक्षा झाली, 492 लोकांवर. इथे मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. खास शिकवलेले फिजिओथेरपिस्ट होते. बारा आठवड्यांत जास्तीत जास्त सात बैठका आणि सहा महिन्यांनी एक उजळणी. माणसाची दुखण्याची कहाणी त्याच्याकडून ऐकायची, ज्या हालचालीची धास्ती आहे ती सैल अंगाने, श्वास न रोखता करवून घ्यायची, झोप आणि व्यायाम मार्गी लावायचा. हालचालींतला अडथळा मोजणाऱ्या 24 गुणांच्या मापनावर नेहमीच्या उपचारांपेक्षा सुमारे 4.6 गुणांचा फरक पडला आणि तो वर्षभर टिकला. हे उपचार मिळालेल्यांपैकी निम्म्यांना पाठीची हालचाल मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांची जोडही दिली होती. त्यांनी फायद्यात काहीच भर पडली नाही. यंत्र विकणाऱ्यांनी या ओळीवर थोडा विचार करावा.

यावर पहिला आक्षेप संशोधनाच्या बाजूने येतो, आणि तो वजनदार आहे. गोळीच्या चाचणीत खरी गोळी कोणती हे रुग्णापासून लपवता येते. बोलण्याच्या उपचारात तसे जमत नाही. आपल्याला नवे काहीतरी मिळते आहे हे कळलेला माणूस आशेनेच अर्धा बरा होतो, आणि दुखणे मोजायचे म्हणजे शेवटी त्यालाच विचारायचे. बोल्डरचा प्रयोग तर एकाच ठिकाणचा, तिथली माणसे सुशिक्षित आणि त्यांचे दुखणे सौम्य ते मध्यम. म्हणून 66 टक्क्यांचा आकडा इचलकरंजीच्या यंत्रमागावर किंवा मुंबईच्या लोकलमध्ये जसाच्या तसा उतरेल असे मानणे भाबडेपणा आहे. सिअ‍ॅटलचा फरकही नीट पाहिला तर शंभरांत चौदा ते सोळा जणांचाच आहे. एवढे मान्य करूनही दोन गोष्टी उरतात. आशेचा परिणाम साधारणपणे लवकर ओसरतो. इथे वर्षभराने फरक दिसतो. आणि समोरचे पर्यायही तपासायला हवेत. साध्या पॅरासिटामॉलचा आणि अफूवर्गीय गोळ्यांचा नव्या कंबरदुखीत बनावट गोळीपेक्षा जास्त उपयोग होत नाही, हे ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या चाचण्यांत दिसून आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शनात कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन वापरू नयेत असे म्हटले. प्रत्येक मेडिकलच्या दुकानात टांगलेल्या पट्ट्यांच्या तुलनेत मन-शरीर उपचारांचा मध्यम प्रतीचा पुरावा बराच उजवा ठरतो.

दुसरा आक्षेप रुग्णाचा, आणि तो दुखावलेला असतो: म्हणजे माझे दुखणे मनाचे खेळ? बायकांना हे ऐकवले जाते ते तर फारच सहज. याचे उत्तर द्यायला वेळ लागू नये. वेदना नेहमी मज्जासंस्थेतच तयार होते, मोडलेल्या हाडाचीसुद्धा. तिला भीतीने, अपुऱ्या झोपेने, घरातल्या ताणाने धार चढते असे म्हणणे म्हणजे ती खोटी ठरवणे नव्हे. जो डॉक्टर 'काही नाही, टेन्शन घेऊ नका' म्हणून रुग्णाला वाटेला लावतो, तो मन-शरीर उपचार करत नाही. तो फक्त पुढचा रुग्ण आत बोलावतो.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र आपल्याकडे जास्त वेळ थांबायला हवे. सगळे भीतीवर ढकलले आणि आत खरा आजार असला तर? ऑस्ट्रेलियात नव्या कंबरदुखीने प्राथमिक दवाखान्यात आलेल्या 1,172 लोकांत गंभीर आजार 0.9 टक्क्यांना निघाला आणि त्यातही बहुतेक अस्थिभंग होते. पण ऑस्ट्रेलियात क्षयरोग जवळजवळ नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि फुप्फुसानंतर क्षय मणक्यातही घर करतो. तेव्हा संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारे वजन, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, पूर्वी झालेला कर्करोग, वयस्कर माणसाचे पडणे, यांपैकी काहीही असेल तर आधी तपासणी, मग बाकीचे सगळे. लघवी अडणे किंवा कळेनासे होणे, मांड्यांच्या आतला आणि बैठकीचा भाग बधिर होणे, पायातली ताकद जाणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे. तिथे तासांना किंमत असते. तरुण वयात सकाळी अर्धा-पाऊण तास पाठ आखडलेली राहते आणि हिंडल्याफिरल्यावर मोकळी होते, तेव्हा सांध्यांच्या दाहाचा विचार व्हावा. या पद्धतीचा प्रामाणिक अवलंब करणारे लोक या चाळणीतून गेल्यावरच कामाला लागतात. बोल्डरच्या प्रयोगातही पहिली भेट डॉक्टरची होती. पायात उतरणाऱ्या सायटिकाची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तिथे नस खरोखर दबलेली असू शकते. पण तिथेही घाई हिताची असतेच असे नाही. नेदरलँड्समधल्या 283 रुग्णांच्या 2007 सालच्या प्रयोगात लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना थांबून पाहणाऱ्यांपेक्षा आराम लवकर पडला, आणि वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांत 95 टक्के लोक बरे होते.

चौथा आक्षेप कष्टकऱ्यांच्या वतीने घ्यावा लागतो. ऊसतोडीला गेलेली बाई दिवसभर मोळ्या वाहते, भातलावणीला माणसे तासन्‌तास चिखलात वाकलेली असतात, बाजार समितीतला हमाल पोत्याखाली वय काढतो. यांना भीती सोडा सांगणे ही क्रूर थट्टा होऊ शकते, आणि मालकाच्या किंवा विमा कंपनीच्या हाती ते सोयीचे हत्यार होऊ शकते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात 1997 ते 1999 मध्ये दूरचित्रवाणीवरून मोहीम चालवली गेली: पाठ दुखली तर झोपून राहू नका, हिंडतेफिरते राहा. लोकांच्याच नव्हे, डॉक्टरांच्याही समजुती बदलल्या आणि कामगारांच्या पाठदुखीचे भरपाईचे दावे सुमारे 15 टक्क्यांनी घटले. पण मोहिमेचा खर्च केला होता तो भरपाई देणाऱ्या सरकारी मंडळाने, हे विसरून चालणार नाही. स्कॉटलंडमध्ये आणि कॅनडातल्या अल्बर्टात तशाच मोहिमा झाल्या. तिथे समजुती बदलल्या, कामावरची गैरहजेरी मात्र तेवढीच राहिली. ओझे कमी करणे, विश्रांती देणे, मजुरी न कापता रजा देणे याला मन-शरीर उपचार हा पर्याय नाही आणि तसा तो कोणी विकत असेल तर त्याला अडवले पाहिजे. मात्र हे उपचार फक्त खात्यापित्या लोकांचे चोचले आहेत असेही नाही. बॉस्टनमधल्या 320 अल्प उत्पन्न असलेल्या लोकांच्या 2017 सालच्या प्रयोगात योगवर्ग फिजिओथेरपीच्या तोडीचे ठरले. कष्टकऱ्याला तर झोपून राहण्याचा सल्ला परवडतच नाही. हेलसिंकीच्या महापालिका कर्मचाऱ्यांवरच्या 1995 सालच्या प्रयोगात झेपेल तितके रोजचे काम चालू ठेवणारे अंथरुणावर पडून राहिलेल्यांपेक्षा लवकर सावरले होते. आपल्याकडे पायाळू माणसाचा पाय कंबरेला लावून घ्यायची जुनी रीत आहे. तिच्यात औषध काही नसेल, पण निदान ती कोणाला मणक्यातल्या कायमच्या दोषाचा कागद तरी देत नव्हती, आणि माणूस उठून शेतावर जात होता.

महाराष्ट्रात या उपचारांचे कच्चे सामान घरचेच आहे. जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सजगतेचा जो वर्ग सुरू केला, त्याचे नाते इगतपुरीत शिकवल्या जाणाऱ्या विपश्यनेच्या बर्मी परंपरेशीही आहे. 1982 सालचा त्यांचा पहिला अहवाल न हटणाऱ्या दुखण्याच्या 51 रुग्णांवर होता. पुण्याच्या अय्यंगार पद्धतीचा योग वेस्ट व्हर्जिनियात कंबरदुखीच्या 90 रुग्णांवर पारखला गेला आणि उपयोगी ठरला. पण अभिमानाने फुगण्याआधी वॉशिंग्टन राज्यातला 2011 सालचा प्रयोगही वाचावा. तिथे 228 लोकांत योगाची तुलना साध्या ताणाच्या व्यायामांशी केली; दोन्ही पुस्तक वाचून स्वतः उपाय करण्यापेक्षा सरस, आणि एकमेकांच्या तुलनेत सारखेच. आसनाच्या गूढ शक्तीपेक्षा नियमाने, न घाबरता अंग हलवण्यात गुण असावा असेच यातून सूचित होते. मग नुसते चालणे? ऑस्ट्रेलियातल्या 701 लोकांवरचा 2024 सालचा प्रयोग नेमका परत परत येणाऱ्या दुखण्यावरचा आहे. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत लोकांना नेले, आणि दुखणे का होते हे समजावून सांगितले. न चालणाऱ्या गटात दुखणे परत येईपर्यंतच्या दिवसांचा मध्यक 112 होता, चालणाऱ्यांत 208. दुखणे कायमचे थांबले नाही. दोन उसणींमधले अंतर जवळपास दुप्पट झाले. माझ्या मते रुग्णाला द्यायचे प्रामाणिक आश्वासन एवढेच आहे, आणि ते कमी नाही.

राहता राहिला डॉक्टरांच्या बोलण्याचा प्रश्न. कोइम्बतूरच्या गंगा रुग्णालयातल्या शल्यचिकित्सकांनी 2021 साली एक लहान पण डोळे उघडणारा प्रयोग प्रसिद्ध केला. कंबरदुखीच्या काही रुग्णांना त्यांचा एमआरआय रिपोर्ट आहे तसा समजावला, इतरांना सांगितले की यातले बदल वयाप्रमाणे सर्वसाधारण आहेत. दीड महिन्याने पहिल्या गटाचे दुखणे जास्त होते आणि हालचाल कमी. यावरून रिपोर्टच्या तळाशी 'असे बदल निरोगी लोकांतही आढळतात' अशी ओळ छापली की काम झाले, असे वाटेल. अमेरिकेत सुमारे अडीच लाख रुग्णांच्या बाबतीत ते करून पाहिले गेले. पाठीसाठी होणाऱ्या पुढच्या तपासण्या आणि उपचार त्याने कमी झाले नाहीत. छापील ओळ भीती घालवत नाही. म्हणून विनंती आहे ती तालुक्याच्या गावापर्यंत पसरलेल्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना: धोक्याची लक्षणे नाहीत याची खात्री झाल्यावर, रुग्णाने रिपोर्टचे पाकीट उघडण्याआधी, त्याला समोर बसवून सांगा की त्याच्या वयाच्या किती धडधाकट लोकांच्या फिल्ममध्ये हेच दिसते, आणि मग तो दवाखान्यातून निघण्यापूर्वी त्याला तुमच्यासमोर एकदा वाकायला लावा.